नकाशाच्या वरच्या कडेला

लहान मुलांना सप्तर्षी दाखवताना आपण पतंग आणि त्याची शेपटी दाखवतो. त्याच ताऱ्यांत ग्रीकांना अस्वल दिसलं. अस्वलाला ते ‘आर्क्टोस’ म्हणत, म्हणून त्या ताऱ्यांखालचा थंड मुलूख आर्क्टिक झाला. संस्कृतातला ‘ऋक्ष’ आणि ग्रीकांचा ‘आर्क्टोस’ हे शब्द एकाच आईची लेकरं आहेत, आणि सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असत अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. नाव असं घरातलं, तरी हा प्रदेश मराठी वाचकाच्या मनात नकाशाच्या वरच्या कडेची एक पांढरी पट्टी म्हणूनच राहिला. त्या पट्टीत कोण राहतं, काय बोलतं, कशासाठी भांडतं हे आपल्या पुस्तकांत फार थोडं आलं. ते घरबसल्या, संगणकाच्या नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरून कसं शिकता येईल, याची वाट दाखवण्यासाठी हे पुस्तक तयार केलं आहे.

दुरून आर्क्टिकचा अभ्यास करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन लोकमान्य टिळक तुरुंगात गेले, तेव्हा माक्स म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांच्यासाठी पाठवली. त्या वाचनातून जे उभं राहिलं ते ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे पुस्तक १९०३ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झालं. उषासूक्तांत दिवसच्या दिवस रेंगाळणारी पहाट दिसते, अशी पहाट ध्रुवाजवळच शक्य आहे, तेव्हा त्या सूक्तांमागची स्मृती ध्रुवप्रदेशातली असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. आजचं भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व तो मान्य करत नाही. पण खगोलगणित, हिमयुगाचं भूशास्त्र आणि जुनी वाङ्मयं अशी तीन टोकं एकत्र बांधण्याची त्यांची हिंमत आजही थक्क करते. ज्या भूमीवर पाऊल ठेवण्याची शक्यता नव्हती, तिचा सूर्य त्यांनी आकड्यांवरून उगवता पाहिला.

त्याच वर्षांत झारनं सैबेरियात हद्दपार केलेले दोन रशियन राजकीय कैदी दुसऱ्या पद्धतीनं शिकत होते. व्लादिमीर बोगोराझ चुकची लोकांत आणि व्लादिमीर योखेलसन युकागीर लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले, त्यांच्या कथा उतरवून घेतल्या. टिळकांच्या मांडणीत आर्क्टिक हे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी सोडून गेलेलं घर आहे. बोगोराझच्या वहीत त्या घरात चूल पेटलेली आहे, माणसं बसली आहेत, रेनडिअर मोजले जात आहेत. एक कैदी पुस्तकांतून आर्क्टिक पाहतो आणि दुसरा माणसांतून. आपण पडद्यावरून पाहणार आहोत. पडद्यावरून पाहणाऱ्याला पहिल्या वाटेची सवय पटकन लागते, कारण पडद्यावर बर्फ दिसतो आणि माणूस दिसायला वेळ लागतो. हा वेळ देण्याची तयारी वाचकाच्या अंगी यावी, ही या पुस्तकामागची माझी खरी इच्छा आहे.

आधी हा प्रदेश नेमका कुठून सुरू होतो? सर्वांत सोपं उत्तर म्हणजे ६६ अंश ३३ मिनिटं उत्तर, म्हणजे आर्क्टिक वर्तुळ, जिथून वर वर्षात निदान एक दिवस सूर्य मावळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडं संपतात ती रेषा धरतात. हवामानाचे अभ्यासक जुलैचं सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहतं तो भाग धरतात. या तिन्ही रेषा एकमेकींना छेदत, वाकडंतिकडं वळण घेत जातात. माणसं यांतली एकही रेषा पाळत नाहीत. हडसन उपसागरातलं सानिकिलुआक हे इनुइट गाव ५६ अंशांवर आहे, म्हणजे वर्तुळाच्या बरंच खाली. नॉर्वेत सामी रेनडिअरपालकांनी पवनचक्क्यांविरुद्ध जो खटला लढवला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला, ते फोसेन ६४ अंशांच्या आसपास. त्यामुळे या पुस्तकात सीमा सैल ठेवली आहे. जिथे उत्तरेचे लोक आपला प्रश्न उत्तरेचा मानतात, तिथपर्यंत ती जाते.

आठ देशांची जमीन या प्रदेशात येते: रशिया, कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड आणि ग्रीनलंडमुळे डेन्मार्क. वस्ती सुमारे ४० लाख, आणि त्यात साधारण दहातला एक माणूस मूळनिवासी समाजाचा. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. तरीही ग्रीनलंडमध्ये ७ महाराष्ट्र बसतील, आणि त्या सात महाराष्ट्रांत ५७ हजारांच्या आसपास माणसं राहतात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. हे प्रमाण डोक्यात पक्कं बसवल्याशिवाय तिथल्या शाळेचा, दवाखान्याचा, भाषेचा, खाणीचा कुठलाही प्रश्न समजत नाही. एक खाण आली की गावाच्या लोकसंख्येएवढे कामगार बाहेरून येतात. एक शिक्षक बदलून गेला की शाळेचा एक अख्खा विषय बंद पडतो.

आमच्या पिढीनं भूगोलाच्या पुस्तकात टुंड्रा प्रदेश वाचला तो एका पानात. त्यात एस्किमो होता, इग्लू होतं, कुत्र्यांची गाडी होती, आणि परीक्षेला दोन गुणांची टीप होती. ‘एस्किमो’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे माणसं. ‘लॅप’ हेही असंच लादलेलं, ते लोक सामी. ‘इग्लू’ या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ नुसता घर. लाकडी, पत्र्याचं, हीटर लावलेलं, कसलंही. पाठ्यपुस्तकानं प्रवासात किंवा हिवाळ्यापुरता बांधलेला बर्फाचा आडोसा उचलला आणि अख्ख्या समाजाला कायमचं त्यात बसवलं. शिवाय ही एकच जमात नाही. युरोपच्या उत्तरेला सामी, पुढे रशियात नेनेट्स, एवेंकी, साखा, चुकची, मग अलास्का आणि कॅनडात इन्युपियाट, ग्विचिन, अल्यूट, इनुइट. यांच्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत. नेनेट्सांचे रेनडिअर हजारोंच्या कळपांनी चालतात. इनुइटांनी रेनडिअर पाळले नाहीत, ते सील, देवमासा आणि रानटी कॅरिबू यांवर जगले.

या प्रदेशाबद्दलचं ज्ञान कसं साचत गेलं हे समजायला मला फ्रँकलिनची गोष्ट फार उपयोगी वाटते. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन अटलांटिकहून पॅसिफिककडे नेणारा वायव्य मार्ग शोधायला निघाले. १२९ माणसांपैकी एकही परत आला नाही. १८५४ मध्ये जॉन रे या प्रवाशाला इनुइटांनी सांगितलं की गोरी माणसं उपासमारीनं मेली आणि शेवटी एकमेकांचं मांस खाण्याची वेळ त्यांच्यावर आली. लंडनमध्ये संताप उसळला. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानं आपल्या साप्ताहिकात लिहिलं की या रानटी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचं कारण नाही. पुढे त्या खलाशांच्या हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. इनुइटांच्या घराघरांत मात्र जहाज कुठे बुडालं याच्या आठवणी आजीकडून नातवाकडे जात राहिल्या. लुई कामुकाक या इनुइट इतिहासकारानं आयुष्यभर त्या गोळा केल्या. २०१४ मध्ये ‘एरेबस’ सापडलं ते त्या आठवणींनी दाखवलेल्या भागात, आणि २०१६ मध्ये ‘टेरर’ सापडलं ते एका इनुइट माणसानं आपल्याला काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेली डोलकाठी दिसली होती हे सांगितल्यावर. माहिती पहिल्या दिवसापासून तिथेच होती, विचारणाऱ्यांनी ती माहिती मानलीच नव्हती.

मोहिमांच्या या काळातच दुसरा एक विचार पुढे आला. ऑस्ट्रियाचा नौदल अधिकारी कार्ल वायप्रेख्ट म्हणाला, ध्रुवाकडे कोण आधी पोचतो या शर्यतीतून विज्ञानाच्या पदरात काही पडत नाही. वेगवेगळ्या देशांनी ठरवून, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं निरीक्षणं घ्यावीत. १८८२–८३ मध्ये ११ देशांनी तसं केलं. ते पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष. लाकडी झोपडीत राहून तासातासाला तापमान, वायुदाब आणि चुंबकसुई यांचे आकडे लिहिणारी ती माणसं आज आपली शेजारी झाली आहेत, कारण त्यांची निरीक्षणं आता संगणकावर उघडता येतात. असं पान नुसतं आकड्यांसाठी वाचू नये. अंधाराच्या तिसऱ्या महिन्यात, उणे तीसमध्ये, कुणीतरी मध्यरात्री उठून बाहेर गेलं आणि तो एक आकडा घेऊन आत आलं, हे त्या पानावर हात ठेवून आठवावं.

मानवशास्त्राची वाट फ्रान्झ बोआसपासून मोजतात. तो १८८३ मध्ये बॅफिन बेटावर गेला तो भूगोल शिकायला, आणि माणसांचा अभ्यासक होऊन परतला. ग्रीनलंडमध्ये वाढलेला, आईकडून इनुइट रक्ताचा नुद रासमुसेन १९२१ ते १९२४ या काळात कुत्र्यांच्या गाडीनं अलास्कापर्यंत गेला आणि वाटेत प्रत्येक वस्तीत आपल्याच भाषेत बोलला. हजारो किलोमीटर दूरच्या माणसालाही त्याचं बोलणं कळत होतं. इनुइटांकडे बर्फासाठी शंभर शब्द आहेत ही जगभर फिरलेली गोष्टही बोआसच्या एका छोट्या उदाहरणातून सुरू झाली. ती फुगत गेली आणि १९८०–९० च्या दशकांत काही भाषातज्ज्ञांनी ती भाकडकथा ठरवली. मग मानवशास्त्रज्ञ इगोर क्रुपनिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावोगावी शिकाऱ्यांबरोबर बसून समुद्री बर्फाच्या शब्दांचे कोश केले, तेव्हा खरोखरच शेकडो संज्ञा मिळाल्या. मला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे वळीव, झड, सर, भुरभुर, संततधार हे शब्द कुणी मोजून दाखवण्यासाठी तयार केले नाहीत. पेरणी कधी करायची हे त्यावर अवलंबून होतं. तिकडे या बर्फावर पाय ठेवला तर तो तोलेल का, हे शब्दावर अवलंबून असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेकडे पाहणारी नजर लष्करी झाली. रशिया आणि अमेरिका यांच्यामधली सर्वांत जवळची हवाई वाट ध्रुवावरून जाते. रडारं उभी राहिली, विमानतळ आले. १९५३ मध्ये वायव्य ग्रीनलंडमधल्या अमेरिकी तळासाठी उमान्नाकच्या कुटुंबांना काही दिवसांच्या मुदतीत घरं सोडून शंभरावर किलोमीटर उत्तरेला कानाकला जावं लागलं. त्याच वर्षी आणि पुन्हा १९५५ मध्ये कॅनडानं क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुकजुआकहून इनुइट कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर वर नेऊन रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड इथे उतरवली. शिकार भरपूर मिळेल असं त्यांना सांगण्यात आलं होतं. तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, हे त्यांच्यापैकी कुणी अनुभवलेलं नव्हतं. त्या ओसाड बेटांवर कॅनडाचा हक्क दिसावा म्हणून आम्हाला झेंड्यासारखं रोवलं, असं ती कुटुंबं सांगत राहिली. सरकारनं माफी मागितली ती २०१० मध्ये. कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरात वाढलेल्या वाचकाला हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही.

याच अनुभवांतून उत्तरेच्या लोकांचं स्वतःचं राजकारण आणि स्वतःचा अभ्यास उभा राहिला, आणि माझ्या मते या विषयाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण आहे. कॅनडातल्या मॅकेंझी खोऱ्यातून गॅसची नळवाहिनी न्यायची की नाही हे ठरवण्यासाठी १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना नेमलं. ते ३५ गावांत गेले. शाळेच्या खोलीत, समाजमंदिरात बसून त्यांनी शिकारी, म्हातारे, बायका, मुलं यांचं म्हणणं त्यांच्या भाषेत ऐकलं. १९७७ च्या अहवालाच्या शीर्षकातच त्यांनी दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले: कुणासाठी सरहद्द, कुणासाठी मायभूमी. नळवाहिनी दहा वर्षं थांबवा, आधी जमिनीचे हक्क ठरवा, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी अलास्काच्या उत्तर टोकाला चार देशांतल्या इनुइटांना एकत्र आणण्याची पहिली परिषद भरली. नॉर्वेत अल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामींनी उपोषणं केली, आणि १९८९ मध्ये तिथे सामी संसद आली. १९९९ मध्ये नुनावुत हा इनुइटबहुल प्रदेश कॅनडाच्या नकाशावर आला. ग्रीनलंडनं १९७९ मध्ये गृहशासन आणि २००९ मध्ये स्वशासन मिळवलं. १९९६ मध्ये आठ देशांची आर्क्टिक परिषद स्थापन झाली. तिच्या टेबलाशी मूळनिवासींच्या सहा संघटना कायमच्या सहभागी म्हणून बसतात, निरीक्षक म्हणून मागच्या खुर्चीवर नाही. भारत मात्र २०१३ पासून तिथे निरीक्षकाच्या खुर्चीवर आहे.

अभ्यासाच्या क्षेत्रातही तेच झालं. इनुइट वडीलधाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जाणतेपणाला नुनावुतमध्ये शासनाच्या कामकाजात नाव आणि जागा मिळाली. २०१८ मध्ये कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेनं संशोधनाचं स्वतःचं धोरण जाहीर केलं: आमच्याकडे येऊन शिकायचं तर प्रश्न ठरवताना आम्ही असू, आणि गोळा केलेली माहिती आमच्याही हातात राहील. पडद्यावरून शिकणाऱ्याला वाटेल, हे प्रत्यक्ष तिथे जाणाऱ्यांसाठी आहे. तसं नाही. आपण जी माहिती फुकट उतरवून घेतो ती कुणाच्या तरी घरातून आलेली असते.

आता पडद्यामागे काय चालतं ते थोडं जवळून पाहू. गेली काही वर्षं दर सप्टेंबरात, इकडे परतीचा पाऊस सुरू होत असताना, मी सकाळी चहाबरोबर आर्क्टिक समुद्रातल्या बर्फाचा आकडा पाहते. उन्हाळ्याच्या शेवटी तो वर्षातला सर्वांत कमी असतो. १९८० च्या आसपास तो ७० लाख चौरस किलोमीटरच्या घरात असे, म्हणजे दोन भारत मावतील एवढा. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, म्हणजे जेमतेम एक भारत. हा आकडा येतो कुठून? ध्रुवावरून फेऱ्या मारणाऱ्या उपग्रहांवर सूक्ष्मलहरी टिपणारी यंत्रं आहेत. पाणी आणि बर्फ यांच्यातून या लहरी वेगवेगळ्या तीव्रतेनं निघतात, आणि त्यांना ना ढग आडवे येतात ना ध्रुवीय रात्र. म्हणून १९७८ च्या अखेरीपासून जवळजवळ अखंड नोंद आहे. समुद्राचे साधारण २५ किलोमीटरचे चौकोन पाडतात. चौकोनात १५ टक्के किंवा त्याहून जास्त बर्फ असेल तर तो अख्खा चौकोन बर्फाचा धरला जातो. कोलोराडोतल्या बोल्डरच्या हिम-बर्फ माहिती केंद्रात हे आकडे रोज मांडले जातात.

आता तो चौकोन पुण्यावर ठेवा. शनिवारवाड्यापासून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत एकच रंग. पृथ्वीचं काय चाललंय हे सांगायला हा रंग उत्तम आहे. पण सील मारायला निघालेल्या माणसाच्या पुढ्यातली दोन हातांची भेग त्यात दिसत नाही, आणि त्याचा जीव त्या भेगेवर अवलंबून आहे. सानिकिलुआकच्या लोकांनी म्हणूनच ‘सिकु’ नावाचं अ‍ॅप उभं केलं. सिकु म्हणजे समुद्रातला बर्फ. त्यावर शिकारी भेगेचं ठिकाण टाकतात, फोटो टाकतात, बर्फाच्या प्रकाराला आपल्या भाषेतलं नाव देतात, आणि ही नोंद कुणी पाहावी हे तेच ठरवतात. उपग्रहाचं चित्रही त्याच अ‍ॅपमध्ये खाली पसरलेलं असतं. एकाच पानावर वर माणूस आणि खाली चौकोन. विद्यार्थ्यानं सुरुवात कुठून करावी असं मला कुणी विचारलं तर मी या पानाकडे बोट दाखवीन.

पण हे इंटरनेटचं जाळं तिथल्या लोकांना आपल्याइतकं सहज मिळत नाही. नुनावुतच्या गावांपर्यंत जमिनीवरून फायबर पोचलेली नाही, सगळी मदार उपग्रहावर. खालच्या कक्षेतल्या नव्या उपग्रहांमुळे आता कुठे फरक पडू लागला आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याला समुद्राखालून केबल आली, आणि जून २०२३ मध्ये तळाशी घासत आलेल्या बर्फानं ती कापली. गावंच्या गावं बंद पडली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरावर उपग्रहांचं मोठं स्थानक आहे, कारण ध्रुवावरून जाणारा उपग्रह तिथून प्रत्येक फेरीत दिसतो. आपल्या पडद्यावर येणाऱ्या पृथ्वीच्या चित्रांतली कितीतरी त्या डोंगरावर उतरून समुद्राखालच्या केबलीनं पुढे येतात.

माध्यमाबद्दलचा निर्णय लोकांनी स्वतः घेतल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. इग्लुलिक या गावानं १९७० च्या दशकात मतदान घेऊन टीव्ही नाकारला, कारण त्यात त्यांच्या भाषेतलं काहीच नव्हतं. त्याच गावच्या झकारियास कुनुकनं आपली दगडी शिल्पं विकून १९८१ मध्ये व्हिडिओ कॅमेरा घेतला. वीस वर्षांनी त्याच्या ‘अतानारजुआत’ या संपूर्णपणे इनुक्टिटुट या इनुइट भाषेतल्या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. पुढे त्याच्या गटानं मूळनिवासींच्या चित्रफितींचं मोठं भांडार जाळ्यावर खुलं केलं.

इनुक्टिटुट लिहिण्याच्या एका लिपीशी आपलं दूरचं नातं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स या धर्मोपदेशकानं क्री भाषेसाठी जी लिपी बसवली तिच्यावर लघुलिपीबरोबर देवनागरीचाही परिणाम होता, आणि तीच पुढे इनुइटांनी घेतली. एक टोकदार खूण वर तोंड करून काढली की ‘पि’, उजवीकडे वळवली की ‘पु’, डावीकडे वळवली की ‘पा’. आपण काना आणि वेलांटी लावतो, तिथे ते अक्षरच फिरवतात. बाराखडी शिकलेल्या मुलाला हे पाच मिनिटांत समजतं, हे मी वर्गात पाहिलं आहे.

हा अभ्यास आजच का, याचं कारण तापमानात आहे. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापत आलं आहे, असं फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं. पांढरा बर्फ ऊन परतवतो, तो गेला की काळं पाणी तेच ऊन पिऊन टाकतं, आणि आणखी बर्फ जातो. २० जून २०२० रोजी सैबेरियातल्या वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश तापमान नोंदलं गेलं. नागपूरला जूनमध्ये हा आकडा नवा नाही. पण वेर्खोयान्स्क आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे, आणि तिथली घरं कायम गोठलेल्या जमिनीवर उभी आहेत. जमीन मऊ झाली की घर कलतं, रस्ता खचतो, इंधनाची टाकी फुटते. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरहून जास्त चढेल. ते शतकांचं काम आहे, पण मुंबईच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर त्यातला पहिला हिस्सा आताच येतो आहे.

गोव्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. वास्कोच्या समुद्राकाठच्या टेकडीवर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि तिथून भारताच्या आर्क्टिक मोहिमा निघतात. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डच्या न्यी-ओलेसुन या गावात ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र सुरू झालं. ध्रुव तिथून सुमारे १२०० किलोमीटर. २०१४ मध्ये जवळच्या फिओर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही निरीक्षणयंत्रांची साखळी सोडण्यात आली. त्या गावात वायफाय बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होतो. स्वालबार्डवर काम करण्याचा भारताचा हक्क १९२० च्या तहापासूनचा आहे, त्यावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या वतीनंही सही झाली होती. गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये कारा समुद्रातल्या घटत्या बर्फाचं आणि मध्य भारतातल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीचं शक्य नातं मांडलं. ते पूर्ण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं पाहिलेल्या शेतकऱ्याला कारा समुद्र कुठे आहे हे माहीत असायला हवं.

तापमानामागोमाग व्यापार आणि सत्ता आलीच. रशियाच्या उत्तर किनाऱ्यानं जाणारा जहाजमार्ग, बर्फाखालची खनिजं, २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेला ग्रीनलंड विकत घेण्याचा विषय आणि २०२५ मध्ये पुन्हा वाढलेला दबाव, हे वाचकानं वर्तमानपत्रात पाहिलं आहे, त्यावर इथे लांबण लावत नाही. एका गोष्टीची मात्र मनापासून खंत वाटते. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर बाकीच्या सात देशांनी आर्क्टिक परिषदेतलं काम थांबवलं, आणि पुढे ते फक्त अंशतः सुरू झालं. शास्त्रज्ञांची ये-जा आणि माहितीची देवघेव तुटली. आर्क्टिक महासागराचा जवळजवळ अर्धा किनारा रशियाचा. गोठलेल्या जमिनीचे, नेनेट्स आणि एवेंकी लोकांचे ताजे नकाशे उघडले की तो अर्धा भाग जुना, नाहीतर कोराच दिसतो. कोऱ्या जागेकडे पाहून तिथे काही घडत नाही असं समजण्याची चूक नवा अभ्यासक हमखास करतो.

म्हणून या पुस्तकातले लेख विषयवार न मांडता स्रोतवार मांडले आहेत. प्रत्येक लेखक एक नकाशा, एक आकडेमाला, एक चित्रफीत किंवा एक जुनी नोंदवही हातात घेतो आणि ती कुणी केली, कशानं मोजली, कुठे उभं राहून पाहिलं, कुणाला विचारलं नाही, हे उलगडत जातो. हे तिथे जाऊन आलेल्यांचं प्रवासवर्णन नाही, आणि सगळ्या विषयाचा कोशही नाही. सैन्यशास्त्र, तेलाचं अर्थकारण यांना इथे थोडीच जागा मिळाली. भाषा, गावं आणि बर्फ यांना जास्त मिळाली, ती जाणूनबुजून. गावांची नावं शक्य तिथे तिथल्या लोकांची ठेवली आहेत. फ्रोबिशर बे हे नाव एका इंग्रज दर्यावर्दीवरून होतं, १९८७ पासून ते अधिकृतपणे इकालुइत आहे, म्हणजे माशांची जागा. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि घरात त्याच शेताला ‘चिंचेचा मळा’ म्हणतात, तसंच हे.

या पुस्तकाच्या तयारीत आम्ही विद्यार्थ्यांसोबत इनुइटांच्या जुन्या वाटांचा जाळ्यावरचा नकाशा पाहत होतो. कितीतरी वाटा जमिनीवरून निघून थेट समुद्रावर जातात. त्या बर्फावरच्या वाटा. उन्हाळ्यात त्या वितळतात, आणि हिवाळ्यात माणसं पुन्हा त्याच जागेवरून गाड्या नेतात. वाट बर्फात नसते, सांगणाऱ्याच्या डोक्यात असते. आमच्यातली एक मुलगी, धनगराच्या घरातली, बराच वेळ गप्प होती. मग तिनं वहीत आजोबांच्या मेंढरांची वाट काढली, माणदेशातून कोकणात उतरणारी, आणि कुठल्या महिन्यात कुठला मुक्काम ते तिच्यावर लिहिलं. शेजारी बसलेल्यानं विचारलं, पावसाळ्यात ही वाट कुठे असते? ती म्हणाली, असते ना, तेव्हा तिच्यावर भात असतो. पुस्तकाच्या शेवटी जो मोठा नकाशा आहे त्यात म्हणूनच समुद्रावरच्या वाटा तुटक रेषेनं दाखवल्या आहेत, आणि प्रत्येक रेषेपाशी महिन्यांची नावं लिहिली आहेत.